विसाव्याचा हिशेब

स्टॉपवॉचवरचा अंगठा वयाबरोबर मंदावतो आणि तो मंदावला की पोरं कागदावर वेगवान होतात. सुटण्याचा इशारा दिसल्यावर अंगठा दबतो, म्हणजे उशिराच. शेवटच्या रेषेवर मात्र पोरगं येताना दिसत असतं, तिथे अंगठा अंदाजाने नेमका, कधी क्षणभर आधीही, दबतो. म्हणूनच 100 मीटरची हाती वेळ विद्युत वेळेशी ताडताना तिच्यात 0.24 सेकंद मिळवतात. नंदुरबारात धावणाऱ्या बहुतेक पोरांचं ध्येय पोलीस भरती. तिथे मुलांना 100 मीटरचे पूर्ण 15 गुण हवे असतील तर 11.50 सेकंदांच्या आत यावं लागतं. मी वहीत 11.4 लिहिलं की ते खरं 11.64 असतं, आणि गुणांची एक पायरी तिथेच निसटते. वहीतले काही उत्तम आकडे ही पोरांच्या पायांची नव्हे, माझ्या अंगठ्याची कमाई आहे, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

पण अंगठ्यापेक्षा जुना गुंता विसाव्याचा आहे. भरतीत 1600 मीटरला 20 गुण असतात, म्हणून त्याच पोराला दमही हवा आणि वेगही. आपण काय करतो? आधी राउंड मारून घेतो आणि शेवटी शंभरच्या दहा धावा. चालत परत, पुन्हा शिट्टी. याला आपण वेगाचा सराव म्हणतो. पूर्ण जोराच्या धावेला स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट पुरतं ते काही सेकंदच. संपलेल्यातलं निम्मं अर्ध्या मिनिटात परत येतं, पण भांडं जवळपास भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. चौथ्या-पाचव्या धावेपासून टाच जमिनीवर रेंगाळते, गुडघा खाली येतो, खांदे आवळतात. शरीर जे करतं तेच शिकतं; म्हणजे आपण उरलेला वेळ पोराला घाम गाळून हळू धावायला शिकवतो. दहा मीटरला एक मिनिट विसावा हा जुना ठोकताळा धरला तर साठ मीटरच्या सहा धावांना मधला विसावाच अर्धा तास होतो. हा अर्धा तास मला अजून पचत नाही.

यावर आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. 400 मीटरच्या धावेतही सुमारे चाळीस टक्के ऊर्जा प्राणवायूच्या वाटेने येते, मग दम आधी का नको? न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने पीटर स्नेलला आठवड्यातून एकदा बावीस मैल पळवलं, आणि त्याच स्नेलने 1960 मध्ये 800 मीटरचं आणि 1964 मध्ये 800 व 1500 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. मान्य. पण लिडियार्डने लांब पल्ल्याचे महिने वेगळे ठेवले, चढणीचे आठवडे वेगळे, ट्रॅकवरच्या वेगाचे वेगळे. आपण सगळं एकाच संध्याकाळी कालवतो. मधल्या थांब्यावरून ज्याला नाव पडलं तो इंटरव्हल सराव घ्या. जर्मनीच्या गेर्श्लर आणि डॉक्टर राइंडेल यांचा नियम असा की नाडी 120 वर उतरल्याशिवाय पुढची धाव नाही. गेर्श्लरच्याच शिष्याचा, रुडॉल्फ हार्बिगचा, 1939 मधला 1:46.6 हा 800 मीटरचा विक्रम सोळा वर्षं टिकला. आपण धावा उचलल्या आणि थांबा टाकून दिला.

आमच्याकडे हा थांबा केवळ वेगाचा प्रश्नही नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. वाहक एरवी धडधाकट असतो. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, लागोपाठच्या जिवावरच्या धावांत क्वचित त्याच्या रक्तपेशी वाकतात, स्नायू विरघळतात, जीवही जातो. अमेरिकी विद्यापीठांच्या वरच्या श्रेणीच्या क्रीडास्पर्धांत 2010 पासून खेळाडूंची ही स्थिती तपासली जाते. आणि इथे कुणी म्हणतं, आदिवासी पोरं काटक, डोंगरानेच त्यांना दम दिलाय. ही स्तुती ऐकायला गोड, पण तिच्या आडून आपण पोराचं रक्तही तपासत नाही आणि त्याला वेगही शिकवत नाही. काहीजण उन्हाळ्यात तोरणमाळला शिबिर नेतात आणि उंचीवर रक्त दाट होतं असं पालकांना सांगतात. तोरणमाळ साधारण 1,150 मीटर. रक्तावर दिसण्याजोगा परिणाम व्हायला दोन हजारांच्या आसपासची उंची आणि आठवड्यांचा मुक्काम लागतो. तिथे गारवा मिळतो, मे महिन्यात तो काही थोडा नव्हे. पण गारव्याला गारवाच म्हणावं. चांदसैली घाटातल्या एखाद्या तीव्र चढावर आठ सेकंदांची धाव आणि पायथ्याशी परत येऊन निवांत विसावा, यातून जास्त मिळतं.

एवढं सगळं पटलेलं असूनही साठ मीटरनंतरच्या विसाव्याची सहा मिनिटं मी पूर्ण देत नाही. चौथ्या मिनिटाला हात शिट्टीकडे जातो. कारण विसाव्यात मैदान रिकामं दिसतं. पोरं बसलेली, प्रशिक्षक उभा, आणि कुंपणापलीकडच्या माणसाला वाटतं की याला काही येत नाही. घाम सगळ्यांना दिसतो, भरत आलेला स्नायू कुणाला दिसत नाही. माझा शेजारचा प्रतिस्पर्धी पोरांना ओकेपर्यंत पळवतो आणि त्याच्याकडे गर्दी असते. मी त्याला नावं ठेवतो, पण मनातून मला त्याची गर्दी हवी असते. 0.24 सेकंद मिळवून अंगठ्याचं खोटं दुरुस्त करता येतं. शिट्टीकडे जाणाऱ्या हातासाठी असा आकडा कुणी ठरवलेला नाही.