दाखलखारीज



तुम्ही मोर्चे काढता, शिबिरं घेता. मी पोरं शिकवतो. वाशीम जिल्ह्यातलं एक खेडं, जिल्हा परिषदेची शाळा, चौथी-पाचवी एकाच खोलीत. हेही चळवळीचंच काम, म्हणून लिहितो.

आमचं पोरगं गोष्ट घडाघडा वाचतं. पण रेशनची पावती, ग्रामपंचायतीची नोटीस, एसटीचं वेळापत्रक पुढं ठेवा, ते मुकं होतं. इतिहासाचंही तेच. सन पाठ, नाव पाठ, परीक्षा झाली की साफ. म्हणून मी दोन्ही तास एक केले. इतिहास शिकवायचा तो कागद वाचूनच.

पहिला कागद साताऱ्याचा. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब तिथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. रजिस्टरात नाव भिवा, क्रमांक १९१४. फळ्यावर रकाने पाडून मी ही नोंद लिहिली. अर्धा वर्ग ओरडला, "गुर्जी, १९१४ साली शाळेत गेले!" म्हटलं, रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा आधी. मग जन्मतारीख दिली, १४ एप्रिल १८९१. पोरांनी वजाबाकी केली. नऊ वर्षं! "म्हंजे आमच्याच एवढे?" एकजण म्हणाला. त्या दिवसापासून भिंतीवरचा फोटो त्यांना जवळचा झाला.

दुसरा कागद महाडचा. फळ्यावर तीनच ओळी. ४ ऑगस्ट १९२३, मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. २० मार्च १९२७, बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. १७ मार्च १९३७, हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं. एक पोरगी उठली, "ठराव झाला तं मंग पानी काहून नाई देलं?" एवढा एक प्रश्न पडावा म्हणून तर मी मास्तर झालो. कागदावर तळं १९२३ लाच खुलं होतं. कागद ते ओंजळ चार वर्षं, ओंजळ ते निकाल आणखी दहा. मग नकाशा काढला. वाशीम तेव्हा वऱ्हाडात, मध्य प्रांताच्या कारभारात. ठराव मुंबई इलाख्याचा. म्हणजे आमच्या गावच्या विहिरीला तो लागूच नव्हता. कागद कुठला, कुणाला लागू, हेही वाचावं लागतं.

तिसरा कागद आमच्याच शाळेचा, जुनं दाखलखारीज. नावं, जाती झाकल्या. एकच रकाना उघडा ठेवला, शाळा सोडल्याचे कारण. सतत गैरहजर. सतत गैरहजर. पानंच्या पानं तेच. पोरांना म्हटलं, घरी म्हाताऱ्यांना विचारून या. दुसऱ्या दिवशी कारणं आली. ढोरं राखाले. कापूस येचाले. लहान भाऊ सांभाळाले. एका आजीनं सांगून धाडलं, "मास्तर आमाले दाराबाहीर बसवे." रजिस्टरात हे कुठंच नाही. लिहिणाऱ्यानं कारणाच्या जागी आमचा दोष लिहून ठेवला.

आता याच रजिस्टराला भाकरीचं मोल आहे. जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आणि बहुतेकदा पहिली मागणी आज्याच्या शाळेच्या नोंदीची. ज्याला शाळेत बसू दिलं नाही, त्याच्याच नातवाकडं शाळेचा कागद मागायचा! चौथीतल्या पोराला हे कळतं. मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

दोस्तहो, तुमच्याकडं एक मागणं. रविवारी विहारात पोरं जमतात. भाषण थोडं कमी करा. घरातले जुने कागद आणायला सांगा, फाटके, वाळवी लागलेले, कसलेही. पोरांना मधे बसवा आणि चारच गोष्टी विचारा. कुणी लिहिलं? कधी लिहिलं? कुणासाठी लिहिलं? काय गाळलं? उत्तर येईस्तोवर थांबा. सांगून टाकू नका.

माझ्या वर्गातली पोरं अजून आठ-दहा वर्षांनी दाखल्यासाठी तहसिलीच्या खिडकीपुढं उभी राहतील. तोवर त्यांना रकाने वाचता आले पाहिजेत.