पोटखराब

दसऱ्यानंतरच्या शनिवारी पहाटे आम्ही माळशिरसहून निघालो, तेव्हा गाडीत दोन दुर्बिणी होत्या आणि माझ्या सहीची वाट बघणारी एक प्लास्टिकची फाइल. फाइल आबांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. पिलीवकडच्या सात एकरांच्या सातबाऱ्यावर पप्पांच्या जागी आता माझं नाव आहे. आबांना तिथं शेततळं काढून डाळिंब लावायचंय, त्यासाठी कर्ज काढायचंय, आणि बँकेला माझी संमती हवीय.

"आधी दोन दिवस पाखरं बघून येते, मग करते सही," मी म्हटलं.

"पाखरं काय पळून चालल्यात व्हय?" आबा म्हणाले.

ऑक्टोबरात खरं तर पळतच असतात. मी ज्यांच्यासाठी पुण्याहून आले होते ते भोवत्ये कझाकस्तानच्या गवताळ मैदानांवरून निघून याच दिवसांत दख्खनच्या माळांवर उतरतात. भोवत्या हा शिकारी पक्षी. पण घारीसारखा उंच गिरक्या घालत बसत नाही. गवताच्या जेमतेम वर, पंख किंचित उचलून, काहीतरी हरवल्यासारखा संथ फिरतो. नाकतोडे, सरडे, उंदीर टिपतो. आणि रात्री झाडावर नाही, जमिनीवर झोपतो, गवतात, चार-पाच जण जवळजवळ. म्हणून त्याला माळ लागतो. झाडं लावलेली 'हिरवीगार' जागा त्याच्या काही कामाची नाही.

माळशिरस म्हटलं की लोकांना पालखी आठवते, नाहीतर अकलूजकडचा ऊस. तो कालव्याखालचा तालुका. नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथं पोचत नाही, तिथून दक्षिणेला दुसराच तालुका सुरू होतो: मुरूम, कुसळी गवत, तरवड, बोरी. आमची सात एकर तिकडं. सातबाऱ्यावर त्यातल्या बऱ्याच क्षेत्रापुढं 'पोटखराब' लिहिलंय. लागवडीला नालायक, इतकाच त्याचा अर्थ. पण लहानपणी मला वाटायचं, जमिनीचं पोट दुखत असणार.

पहिला दिवस उजनीवर वाया गेला असं माझा चुलतभाऊ म्हणेल. त्याला फ्लेमिंगोंची रील करायची होती. पण पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं. फ्लेमिंगोंना लागतो उथळ चिखल, तो पाणी ओसरल्यावर उघडा पडतो. काठावर नुकतेच आलेले धोबी शेपट्या हलवत फिरत होते. मला तेवढं पुरलं. त्यानं फोन खिशात घातला.

सोलापुरात मुक्काम करून सकाळी नान्नजला गेलो. माळढोकासाठी 1979 साली इथं अभयारण्य झालं. कागदावर त्याचं क्षेत्र तेव्हा आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर होतं. म्हणजे गावं, शेतं, रस्ते, सगळं आत. आपल्याच जमिनीचा व्यवहार करायलाही अडचण, म्हणून लोक वैतागले. पुढं ते क्षेत्र बाराशेच्या आसपास आलं. माळढोक मात्र त्याहून वेगानं कमी झाले. आम्हाला एकही दिसला नाही, दिसेल अशी आशाही नव्हती. काळवीट दिसले. आणि एक भोवत्याची मादी, तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. कुठल्या जातीची ते ठरवता आलं नाही. या माद्या भल्याभल्यांना फसवतात.

"ताई, एवढ्या लांब येऊन हेच?" भाऊ म्हणाला. मी फाइलीकडं बघायचं टाळलं.

परतताना पंढरपूर, भाळवणी करत पिलीवला आलो, तेव्हा ऊन कलायला आलं होतं. गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरवून आमच्या माळाच्या कडेला लावली. दहा मिनिटांत पहिला आला. राखाडी नर, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. मग एक मादी. मग आणखी दोन. आमच्या पोटखराबावर गोल गोल फिरत होते, झोपायची जागा शोधत. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना इतकं जवळून बघत होते आणि मनातल्या मनात हिशोब करत होते की डाळिंबाची पहिली ओळ कुठून सुरू होईल.

आबा मोटारसायकलवरून आले. दुर्बीण दिली तर डोळ्याला उलटी लावली, मग सुलटी.

"ह्या घारी व्हय? ह्या दरसाल येत्यात. भोरड्या आल्या का बघ, त्या ज्वारी खात्यात."

मी म्हटलं, "आबा, दोन एकर असंच ठेवलं तर?"

"कशाला?"

"ह्यांना."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग समोरच्या टेकाडाकडं बोट करून म्हणाले, "बहात्तरला तिथं खडी फोडलीया मी. बारा वरसांचा हुतो. सुकडी खाऊन. तुझ्या आज्ज्यानं ह्या माळाला पाणी यायची वाट बघत डोळं मिटलं." थोडं थांबून, "दोन एकरावर काय कर्ज कमी हुतंय व्हय? आन् तळं बी तिथंच बसतंय."

सरकारी नकाशांत अशा जमिनीला पडीक म्हणतात, आणि त्याचा मला राग येतो. पुण्यात मित्रमैत्रिणींसमोर मी त्यावर तावातावानं बोललेय. आबांसमोर एक वाक्य सुचेना. माझा माळ कोरडा राहावा असं मला वाटतं, कारण मी सोमवारी पुण्याला जाणार असते.

गाडीच्या बॉनेटवर फाइल ठेवून मी सह्या केल्या. पाच ठिकाणी. आबांनी प्रत्येक पानावर बोट ठेवून जागा दाखवली.

तोवर अंधारलं. गवतात एकेक करत चारही बसले होते. कुठं, ते आता सांगता आलं नसतं. भावानं गाडी चालू केली आणि हेडलाइटच्या बटणाकडं हात नेला.

"लाइट लावू नगं," आबा खिडकीतून म्हणाले. "डांबरीपतूर तसंच चल. उठत्याल ती."

आणि मोटारसायकलचा दिवा न लावताच ते आमच्या पुढं निघाले.