गोधडीवरचं जेवण

मुरूडच्या आमच्या घरात जुना कपडा फेकत नाहीत. अम्मी त्याची गोधडी करते. खाली साडी, मध्ये विरलेल्या चादरी, वर तुकडे; मग काठाकडून आत धावदोरा घालत यायचं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी स्त्रियाही त्यांची कवंदी अशीच काठाकडून शिवतात, हे वाचलं तेव्हा समोरचा जंजिरा आठवला.

अब्बा 35 वर्षं आखातात होते. दोन वर्षांतून एकदा रजा, तीही मोजून दोन महिने. 2024 ला कायमचे परतले आणि दोघंही अवघडली. अम्मी चुलीपाशी, अब्बा ओट्यावर. "अब्बांना विचार, चहा घेणार का?" शाळेत मी मुलांना संवादलेखन शिकवते, घरी ही तऱ्हा!

त्यांच्या निकाहच्या तारखेला भाच्यांनी कट रचला. पडवीत नवी गोधडी अंथरली, दोन कंदील ठेवले. भाभीनं तांदळाची भाकरी, तळलेली सुरमई, सांदणं केली. दोघांना बसवून आम्ही दाराआड.

बराच वेळ भाकरी मोडल्याचाही आवाज नाही. मग अब्बांनी गोधडीवरून हात फिरवला.

"हा शर्ट माझा?"

"निकाहनंतर गेलात, तेव्हा टाकून गेलेला."

"आणि हा?"

"1990 ला इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा अम्मानहून विमानानं आलात, तो. अंगावर तेवढाच होता. थोरली सहा महिन्यांची होती, पहिल्यांदा पाहिलंत तिला."

थोरली म्हणजे मी.

तुकडे बरेच होते. सुरमई गार झाली. भाभी गरम करायला निघाली, मी तिचा हात धरला.