पोलादी फ्रेम

लालबागला डोंगर नाही. चढ म्हणावा तर करी रोडचा पूल, परळचा पूल, आणि फारच हौस असेल तर गिरगाव चौपाटी ओलांडून वाळकेश्वर. तरीही नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या चाळींत जिन्याखाली एखादी तरी डोंगरी सायकल साखळीनं बांधलेली दिसायचीच. हिरोची रेंजर, नाहीतर हर्क्युलिसची एमटीबी. जाड नक्षीचे टायर, सरळ हँडल, भडक रंगावर तिरके पट्टे. त्याआधी घरात असायची ती वडिलांची काळी, उंच सायकल. दांड्याखालून पाय घालून आम्ही तिच्यावर शिकलो, पण ती आमची नव्हती. रेंजर आमची होती.

वजन अठरा-वीस किलोच्या घरात. गिअर बहुतेकींना नसायचेच. पण भारतमाता सिनेमापासून परळ टीटी, पुढे दादर टीटी, हिंदू कॉलनी आणि फाइव्ह गार्डनपर्यंत खड्डे न चुकवता जाता यायचं. खड्ड्यात चाक आपटलं तरी हाताला बसायचा तो धक्का बोथट असायचा. बराचसा धक्का जाड टायर प्यायचे, थोडा कदाचित बारीक पोलादी नळीही. तेव्हा हे कळत नव्हतं. नंतर ॲल्युमिनियमच्या जाड नळ्यांच्या सायकलीवर बसल्यावर मनगटांना कळलं.

या सायकलींचं कूळ कॅलिफोर्नियातलं. सत्तरच्या दशकात मरिन काउंटीतल्या पोरांनी श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरच्या पोलादी सायकली माउंट तमाल्पाइसच्या परिसरातल्या कच्च्या उतारांवर सोडल्या. १९७६ पासून तिथे शर्यती सुरू झाल्या. एकदा खाली येईपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. १९७७ मध्ये जो ब्रीझनं अशा वापरासाठी खास क्रोमोली पोलादाची फ्रेम बांधली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर दुकानांत आली. आपल्याकडे आली ती या घराण्याची साधी, जड, परवडणारी शाखा. क्रोमोली नाही, साधं पोलाद. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्या साधेपणामुळेच ती आमच्या गिरणगावात टिकली.

गिरणगाव आणि सायकल यांचं नातं पोरांच्या हौसेपुरतं नव्हतं. वरळीत हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० मध्ये संसदेनं कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, तरी कारखाना वाचला नाही. आता वरळीत रस्त्याला तेवढं हिंद सायकलचं नाव आहे. म्हणजे आपल्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर एके काळी सायकली बनत होत्या. गिरण्यांतले फिटर, टर्नर, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधले वेल्डर अशी लोखंडाची भाषा जाणणारी माणसं इथे घरोघर होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांतल्या किती जणांच्या हातचं काम गेलं, ते इथे पुन्हा सांगायला नको. पण हातातली कला लगेच जात नाही. ती गल्लीतल्या छोट्या गाळ्यांत बरीच वर्षं तग धरून होती.

माझ्या सायकलीला पायडलच्या वर, सांध्यापाशी केसासारखी चीर गेली तेव्हा गल्लीतले सायकलवाले काका तिला अशाच एका गाळ्यात घेऊन गेले. मीही मागून गेलो. त्या कारागिरानं आधी रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं. गॅसची ज्योत बारीक केली. पितळेची कांडी तापवून टाकणखारात बुडवली आणि सांधा लाल-नारिंगी होईपर्यंत थांबला. मग कांडी नुसती टेकवली. पितळ वितळलं आणि चिरेत आपसूक ओढलं गेलं, वर एक पिवळी कड तेवढी उरली. फुंकर नाही, पाणी नाही. आपोआप गार होऊ दिलं. ‘आता इथून नाही जाणार,’ एवढंच तो म्हणाला. सांधा खरंच तिथून पुन्हा गेला नाही. सायकल गेली ती गंजानं, फार नंतर.

पोलादाचा हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. एका मर्यादेच्या आतला ताण ते कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, प्रत्येक धक्का कुठेतरी जमा होत राहतो. पोलाद सहसा तुटण्याआधी वाकतं, चीर दाखवतं, म्हणजे सावध करतं. आणि त्याला जोडणारा माणूस परळमध्येही सापडतो, कणकवलीतही. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वेगळं वेल्डिंग लागतं, बहुतेक वेळा नंतर भट्टीही लागते. ते काम गल्लीत होत नाही.

ती गेल्यावर दुसरी सायकल शोधायला निघालो तेव्हा पोलाद ओळखण्यासाठी खिशात एक छोटं चुंबक ठेवलं होतं. दादरपासून काळबादेवीपर्यंत दुकानांतून फ्रेमला ते लावून पाहायचो. बहुतेक ठिकाणी चिकटायचं नाही. नव्या सायकली वाईट नाहीत. डिस्क ब्रेक पावसात खरोखर चांगले लागतात, हलकी सायकल जिना चढवताना पाठ वाचवते. पण स्वस्तातल्या सायकलींचं पुढचं सस्पेन्शन हे निव्वळ ओझं असतं. मुंबईच्या दोन पावसाळ्यांत ते घट्ट होऊन बसतं आणि उघडून दुरुस्त करणारा कुणी भेटत नाही. मला दुरुस्त न होणारी वस्तू नको होती.

शेवटी मिळाली ती एक जुनी परदेशी क्रोमोली फ्रेम, पारशी कॉलनीतल्या एका गृहस्थांकडून. चुंबक टक्कन चिकटलं. झिजलेल्या स्टिकरवर क्रोमोलीचा ४१३० हा आकडा अजून वाचता येत होता. पुढे साधा, न दबणारा चिमटा. चाकं मात्र नवी, मागे आठ गिअर, पुढे एकच चक्र, साधे व्ही-ब्रेक. चेन, केबल, ब्रेकचे रबर सगळं कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. तिच्यावर पहाटे लालबागहून निघून गिरगाव चौपाटी गाठतो. पुढे मात्र कोस्टल रोडवर आणि सी-लिंकवर सायकलला मज्जाव आहे, ही गोष्ट मला अजूनही खुपते. या शहरात डबेवाल्यांनी पोलादी सायकलींवर माणसांचं जेवण वाहिलं आहे. समुद्रालगतच्या नव्या रस्त्यातच सायकलींसाठी एक पट्टा सोडता आला असता.

तुमच्या जिन्याखाली किंवा माळ्यावर जुनी रेंजर, एमटीबी पडली असेल तर तिला भंगारात किलोच्या भावानं देऊ नका. टायर घेताना त्याच्या कडेवर ५५९ हा आकडा बघा. सव्वीस इंचीत दुसरे आकारही येतात, ते बसत नाहीत. मागे गिअरचं चाक घालायचं असेल तर मागचा पोलादी चिमटा थोडा रुंद करता येतो, मात्र ते काम जाणत्याकडूनच करून घ्या. आणि दर पावसाळ्याआधी सीट उपसून, फ्रेम उलटी करून आतलं पाणी काढा, नळीत थोडं तेल सोडा, पायडलजवळच्या बॉटमचे छर्रे साफ करून नवं ग्रीस भरा. खाऱ्या हवेत फ्रेम आतून गंजते, बाहेरच्या रंगावरून ते कळत नाही. गल्लीतला सायकलवाला अजून दुकान उघडत असेल तर हे ओव्हरहॉलिंग त्याच्याकडूनच करून घ्या.