एकोणीस एक

तुरीची रास झाली की निंबर्ग्यातल्या घराघरांत दाणे सांडतात. मुलांनी गणित त्यांच्यावरच शिकावं असं मला मनापासून वाटतं. बारा दाण्यांच्या चार-चारच्या तीन ओळी होतात, सहा-सहाच्या दोन. तेरा दाणे मात्र सारख्या ओळींत बसतच नाहीत. त्यांची एकच लांबलचक रांग होते. तेरा ही मूळ संख्या.

या कुळातली माझी लाडकी संख्या फार मोठी आहे. एकापुढे एक असे एकोणीस एक मांडायचे: १११११११११११११११११११. अकरा हजार कोटी कोटींहून जास्त! तेवढे दाणे आमच्या शिवारात कित्येक पिढ्यांत पिकायचे नाहीत, आणि पिकले तरी त्यांचीही एकच रांग होईल.

तिची भावंडं बघा. १११ म्हणजे ३ × ३७. १११११ म्हणजे ४१ × २७१. सात एकांची संख्या २३९ × ४६४९ अशी फुटते. एकांची मोजदाद समान भागांत वाटली जात असेल, तर फोड ठरलेलीच: १११११११११ सरळ १११ ने भागली जाते. पण मोजदाद मूळ असणंही पुरेसं नाही. अकरा, तेरा, सतरा एकांच्या संख्याही फुटतात. दोन एकांच्या ११ नंतर टिकते ती थेट एकोणीस एकांची, मग तेवीसांची, आणि त्यानंतर एकदम तीनशे सतरांची.

तिचा आणखी एक गुण मला फार सुंदर वाटतो. १ ला तिने भागलं, तर दशांश चिन्हापुढे अठरा शून्यं आणि एक ९, पुन्हा अठरा शून्यं आणि एक ९, असं अखंड चालतं. एकोणीस अंकांचं आवर्तन असणारी दुसरी मूळ संख्याच नाही. हे पडताळायला पाटी-पेन्सिल पुरते. उलट, २०२४ मध्ये सापडलेल्या चार कोटी दहा लाख अंकांच्या मूळ संख्येपाशी संगणकाशिवाय कुणी पोचूच शकत नाही.

एकांच्या या रांगांवर देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचाही जीव होता. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एकांपर्यंत आकडे असेच चढतात, उतरतात. ही कल्पना त्यांना डोंबिवली स्थानकात सुचली, म्हणून स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी अशा संख्यांना डेम्लो म्हटलं. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. आपण ती आधीच घ्यायला हवी होती.

एकांची ही रांग दिसते ती आपण दहांच्या पटीत मोजतो म्हणून. तीच संख्या दुसऱ्या पद्धतीने लिहिली तर रूप बदलेल, मूळपण बदलणार नाही. नुसत्या एकांच्या अशा मूळ संख्या कुठे संपतात की अनंत आहेत, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.