गोंदियाहून अटलांटिकपार

गोंदियाच्या माणसाला समुद्राचे एवढे अप्रूप का, हे नकाशा पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावर आमचे गाव जवळजवळ मधोमध आहे. मुंबई साडेनऊशेहून अधिक किलोमीटर, तर हावडा सुमारे एक हजार. म्हणजे पश्चिमसमुद्र काय आणि पूर्वसमुद्र काय, दोन्ही आम्हांस सारखेच परके. आमचे पाणी म्हणजे वैनगंगा, बाघ नदी, मालगुजारीच्या काळातले मामा तलाव आणि त्या सर्वांत थोर असा नवेगावबांधचा तलाव. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. त्याच्या भोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' हे नाव आहे. शाळेत असताना आम्ही चार मित्र सहलीस तेथे गेलो होतो व नावेत बसलो होतो. पलीकडचा काठ धुक्यात दिसेना, तेव्हा आमच्यातला एकजण गंभीरपणे म्हणाला, "समुद्र असाच असणार."

हा मुलगा पुढे भूगोलाचा शिक्षक झाला. पस्तीस वर्षे त्याने भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून अटलांटिक महासागर शिकविला. परंतु अटलांटिक राहो, मुंबईची चौपाटीही त्याच्या दृष्टीस पडली नव्हती. घरची जबाबदारी, बहिणींची लग्ने, वडिलांचे दीर्घ आजारपण यांत सुट्ट्या संपल्या व मग नोकरीही संपली. उरलेल्या तिघांपैकी एक वकील, एक डॉक्टर आणि प्रस्तुत लेखक रेल्वेतला पेन्शनर. मास्तरांना अटलांटिक दाखवावयाचा, हा विचार प्रथम वकिलांच्या मनात आला.

अडचण पैशाची होती, आणि त्याहून मोठी अडचण मास्तरांच्या स्वाभिमानाची. "चौघे मिळून तिकिटे काढली तर चौथ्यास निम्मे भाडे पडते," अशी थाप वकिलांनी बेमालूम मारली. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. मास्तरांनी आपल्या शिलकीतून निम्मे भाडे रोख मोजून दिले आणि त्यांच्याआड उरलेले निम्मे आम्ही तिघांनी वाटून घेतले. त्या वेळी हे कृत्य आम्हांस मोठे चातुर्याचे वाटले.

सन २०२३ च्या जून महिन्यात आम्ही निघालो. माझ्या मातोश्रींचे वय एक्याण्णव. त्या म्हणाल्या, "पूर्वी समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता व्हिसा घ्यावा लागतो, एवढाच फरक." इंग्लंड व अमेरिका अशा दोन्ही देशांचे व्हिसे मिळवताना जे हेलपाटे घालावे लागले, ते पाहता मातोश्रींचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हे. त्यांनी लाडवांचा डबा हाती दिला व बजावले, "चौघांत सारखे वाटून खा." विदर्भ एक्सप्रेस आमच्या गावाहूनच सुटते, तिने मुंबई, तेथून विमानाने लंडन आणि लंडनहून साउदॅम्प्टन बंदर.

धक्क्यावर 'क्वीन मेरी २' उभी होती. तिची लांबी ३४५ मीटर. आमच्या गावच्या फलाटावरही ती सबंध मावेल की नाही, याचा मी रेल्वेच्या सवयीने हिशेब करू लागलो. ही बोट फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधली गेली आणि जानेवारी २००४ मध्ये पहिल्या सफरीवर निघाली. अटलांटिक ओलांडण्यासाठीच खास बांधलेली आणि नेमाने ती वाहतूक करणारी उतारूंची मोठी बोट आता हीच एक उरली आहे. आत ग्रंथालय आहे, नाटकगृह आहे, आकाशदर्शनाची घुमटाकार खोली आहे, फार काय, श्रीमंतांच्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र निवासस्थानही आहे. शाकाहाराची सूचना आगाऊ दिली असल्याने जेवणाचे हाल झाले नाहीत; तरी तिसऱ्या दिवशी मेतकुटाची पुडी उघडली, तेव्हा चौघांच्याही चेहऱ्यावर जे समाधान दिसले त्यास तोड नाही.

पहिल्या दोन दिवसांत मास्तरांचा आनंद पाहण्यासारखा होता. पश्चिमेकडे जाताना बोटीवरील घड्याळे बहुतेक रात्री एकेक तास मागे सारतात, म्हणजे दिवस पंचवीस तासांचा होतो. आम्ही याचे नवल करीत होतो, तोच मास्तर उभे राहिले. "पंधरा रेखांशांस एक तास. साउदॅम्प्टन ग्रीनिचच्या पश्चिमेस जेमतेम दीड अंश, न्यूयॉर्क चौऱ्याहत्तर. करा भागाकार!" डॉक्टरांनी भागाकार केला, पाच तासांस थोडे कमी आले. "गणित मी शंभरदा फळ्यावर सोडविले," मास्तर म्हणाले, "पण मिळालेला तास आज प्रथम खर्च करतो आहे."

तिसऱ्या रात्री घात झाला. मास्तर व वकील एका खोलीत राहत. अमेरिकेत उतरताना लागणारा कागद पाहण्यासाठी मास्तरांनी वकिलांची फाईल उघडली, तो भाड्याची पावती समोर आली. चार नावे आणि चारही नावांपुढे एकच रक्कम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर न्याहारीस आले नाहीत. सातव्या मजल्यावर बोटीभोवती फिरावयाची मोकळी वाट आहे. तेथे ते एकटेच फेऱ्या घालीत होते. वकील पुढे होऊन समजावू लागले, तेव्हा ते एवढेच बोलले : "अरे, तुम्ही मला समुद्र दाखविलात, पण मला विचारले नाहीत. पन्नास वर्षांच्या मैत्रीत मला 'नाही' म्हणण्याचा तरी हक्क ठेवायचा होता."

याला उत्तर नव्हते. एरव्ही रुसवा आला की मनुष्य आपल्या घरी जातो, दोन दिवस तोंड दाखवीत नाही व मग काही निमित्ताने भेटतो. भर समुद्रात ती सोय नाही. तेच जेवणाचे टेबल, तोच जिना, चोहीकडे तेच निळेकाळे पाणी. एका छपराखाली नांदणाऱ्या आपल्या मोठ्या कुटुंबांतही असेच होत असते. अबोला धरूनही पंगतीस एकत्रच बसावे लागते. अशा अबोल्याने मन अधिक जाचते खरे, परंतु तो फार लांबूही शकत नाही.

पाचव्या दिवशी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस दाट धुके पडले. कठड्यापलीकडे काही दिसेना. बोटीचा भोंगा ठराविक वेळाने घुमू लागला. या बोटीवरील एक भोंगा १९३६ साली पहिल्या सफरीस निघालेल्या मूळच्या 'क्वीन मेरी'वरचा आहे. त्याचा आवाज छातीत उतरतो. याच समुद्रात १५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडाली व दीड हजारांहून अधिक माणसे गेली. तिचा सांगाडा सुमारे ३,८०० मीटर खोल पाण्यात आहे. उतारू जरा गंभीर झाले होते. शेजारच्या एका इंग्रज बाईने आपल्या नातवास सांगितले की, धुके थंडीमुळे पडते. मास्तरांच्याने राहवेना. "बाई, नुसत्या थंडीने नव्हे," ते आपल्या सरळ, शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले. दक्षिणेकडून येणारा ऊबदार आखाती प्रवाह आणि उत्तरेकडून येणारा लाब्राडोरचा बर्फाळ प्रवाह या भागात एकमेकांस भेटतात. उष्ण, दमट हवा थंड पाण्यावर आली की तिच्यातील बाष्पाचे धुके होते. आणि त्याच लाब्राडोर प्रवाहाबरोबर हिमनग खाली येतात. हवेत बोटांनी रेघा ओढीत त्यांनी सारे समजाविले. पाहता पाहता दहाबारा माणसे भोवती जमली. तो मुलगा तर त्यांचा हात सोडीना.

पाठ संपला तेव्हा आम्ही तिघे मागे उभे होतो. मास्तर वळले. "उरलेले पैसे मी दरमहा देणार. कितीही वर्षे लागोत. कबूल असेल तर चहा घेऊ." वकिलांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, पण डॉक्टरांनी त्यांचा दंड दाबला. आम्ही "कबूल" म्हणालो. रात्री उरलेले लाडू काढले, नऊ होते. मास्तरांनी नववा सुरीने चार सारखे भाग करून वाटला.

आठव्या दिवशी पहाटे न्यूयॉर्क आले. व्हेराझानो पुलाखालून जाताना बोटीचे धुराडे आता घासते की मग, असा भास होतो. पूल लक्षात घेऊनच ते ठेंगणे बांधले आहे. पुढे उजाडता उजाडता स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसला.

न्यूयॉर्कमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ, व त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही एक दिवस निराळा राखून ठेवला होता. हडसन नदीच्या काठाकाठाने आगगाडी उत्तरेस पोकीप्सी गावी जाते. तेथील स्मशानभूमीत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून पतीवाचून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. आमच्या सात रात्रींच्या ठिकाणी त्यांचे जवळजवळ दोन महिने समुद्रावर गेले. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या व त्या बाईंनी त्यांना आपल्या कुटुंबाच्या जागेत विसावा दिला.

त्या शिळेपुढे डॉक्टरांनी पागोटे नसल्याने टोपी काढली. मास्तर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "कार्पेंटरबाईंनी एका मासिकातला मजकूर वाचून या मुलीला आपण होऊन पत्र लिहिले. पुढे सुमारे तीन वर्षे पत्रे चालली. हिने त्यांना मावशी म्हटले. मग ही त्यांच्या घरी आली. मदत उघड होती, म्हणून नाते झाले." आम्ही तिघे काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते.

ज्या वाचकांस अशी सफर करावयाची असेल, त्यांस दोन गोष्टी सांगतो. उन्हाळ्यातही गरम कपडे अवश्य न्यावेत. समुद्रावरचा वारा अंगास झोंबतो. काही रात्रीच्या जेवणास विशेष पोशाखाचा रिवाज आहे, परंतु काळा बंद गळ्याचा कोट आपल्या माणसास तेथे उत्तम शोभतो. तिसरी गोष्ट पोशाखाची नव्हे, तरी तीही सांगतो. मित्रावर उपकार करावयाचा असेल तर तो त्यास सांगून करावा. लपवून केलेल्या उपकारात आपण त्याचे ओझे हलके करीत नसून त्याच्या वतीने परस्पर निर्णय घेत असतो.

गोंदियास परत आल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मास्तर पाकीट घेऊन येतात. आम्ही ते मोजून घेतो व पावती देतो. ते पैसे साठवून मास्तरांच्या शाळेतील काही मुलांस एकदा समुद्र दाखवावा, असे आम्हां तिघांच्या मनात आले आहे. या खेपेस आधी मास्तरांना विचारले.

"विचार करून सांगतो," असे ते म्हणाले आहेत.