बयाणा

१८ जून २०२५, बुधवार

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन टेकला. डहाणू स्टेशनबाहेर बाया शेवळं घेऊन बसल्यात, म्हणजे पाड्यांवरच्या कणग्या रिकाम्या होत आल्या. निवृत्तीनंतर दर जूनला माझ्या ओटीवर कागदांचा बाजार भरतो. आज गंजाडच्या पुढच्या पाड्यावरची एक पोर बापाला घेऊन आली. बारावीला माझ्याच जुन्या वर्गाची, सीईटीचे गुण चांगले. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं म्हणते. कागद भिजू नयेत म्हणून खताच्या पिशवीत गुंडाळून आणलेले.

"दादा, खर्चाचं काय ठरवलंय?"

"फी तर सरकार भरतं ना मॅडम?"

भरतं. कधी भरतं, ते आज सांगायचं जिवावर आलं.

३ जुलै, गुरुवार

जमातीचा दाखला आहे, जात वैधता नाही. समितीपुढे १९५० पूर्वीची नोंद ठेवली तर काम सोपं. पण हिचा पणजोबा शाळेची पायरी चढला नाही, मग दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं नाव येणार कुठून? वारली म्हणून त्याला कुणी शाळेत घातलं नाही, आणि शाळेत नव्हता म्हणून आता वारली असल्याचा कागद नाही. नशीब, चुलत्याला वैधता मिळालेली आहे. रक्ताच्या नात्यातली एक वैधता असली की पुढच्याची वाट मोकळी होते. त्याची प्रत आणायला डहाणू-पालघर दोन फेऱ्या. त्या दोन दिवसांची मजुरी कुठल्याच योजनेत धरलेली नाही.

१३ जुलै, रविवार

पाड्यावर गेले. आवणी चालू. पोरही गुडघाभर चिखलात, एका हातात रोपांची मूठ. बांधावर बसूनच कर्जाचा विषय काढला. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, आईबाप सहकर्जदार लागतात, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. केंद्राची गेल्या नोव्हेंबरातली विद्यालक्ष्मी योजना आहे, पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती. हे सगळं सांगून झालं. बापाला पहिली शंका जमिनीची होती. माझ्याकडे वनपट्टा आहे, तो बँक नेणार का? नाही नेणार. वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. हे ऐकून तो जरा सैलावला. मग म्हणाला,

"माझा आजा लगनगडी होता मॅडम. लगनाला सावकाराकडून घेतलं, मग आजा आणि आजी, दोघं त्याच्या वाड्यावर. मी अंगठा नाय देणार."

यावर मी काय बोलणार? तलासरीजवळच्या झरीला १९४५ च्या मे महिन्यात वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले, त्याला ८० वर्षं झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी उभी केलेली ती चळवळ; आज तलासरीच्या कॉलेजला गोदावरीबाईंचं नाव आहे. लगनगडी गेला. कर्जाची धास्ती मात्र घराघरांत राहिली, आणि ती अडाणीपणातून आलेली नाही. बँकेतल्या माणसांना हे एकदा कुणीतरी सांगायला हवं.

९ ऑगस्ट, शनिवार

आदिवासी दिन. डहाणूत तारपा घुमत होता. गर्दीतून पोर धावत आली. मुंबईच्या उपनगरातल्या एका खासगी कॉलेजात जागा मिळालीय. तारप्याच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं, पण चेहऱ्यावरून कळलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

प्रवेशाला तिच्यासोबत गेले. पहाटेची डहाणू लोकल. ही लोकल २०१३ साली सुरू झाली नसती, तर इथल्या निम्म्या पोरांनी मुंबईचं कॉलेज मनातही आणलं नसतं. खिडकीवरच्या बाईने शिष्यवृत्तीचे कागद बघितले आणि १८,००० मागितले. "डिपॉझिट आणि इतर." शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जमातीच्या मुलाकडून प्रवेशावेळी फी मागू नये, असं शासनाने कॉलेजांना वारंवार बजावलंय. मी तसं म्हटलं. "ते आलं की परत देऊ, मॅडम." तासभर हुज्जत घातली, १८ चे ६ केले. तेही घ्यायला नकोत. मी भरले. पोर परतीच्या गाडीत विरारपर्यंत बोलली नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आज वहीत नीट मांडलं. फी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याने. तिच्यासोबतचा निर्वाहभत्ता २०१० साली ठरला: इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्यास महिना १,२००, बाहेर राहणाऱ्यास ५५०. साडेपाचशेत आज मुंबईत एका माणसाचा आठवडाही निघत नाही. सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरलाय. तिथे नंबर नाही लागला तर स्वयंम योजना. २०१६ साली ती आली तेव्हा मुंबईसाठी वर्षाला ६०,००० ठरले होते: जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,०००, बाकी ८,०००. योजना वाईट नाहीत. कुणी उगाच नावं ठेवली तर मी भांडेन. फक्त सगळ्या रकमा मागाहून येतात. खोलीचं डिपॉझिट आज लागतं, खाणावळ पहिल्या तारखेला, आणि खात्यावर पैसे पडेपर्यंत कधी होळी उजाडते.

दुसरं असं की, कॉलेजं उघडतात तेव्हाच आमच्याकडे उपासाचे दिवस असतात. भात शेतात उभं, हाताला काम थोडं. सरकारने १९७८ साली खावटी कर्ज सुरू केलं ते याच महिन्यांसाठी. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली, पोरांचा दिवस बघून शाळेची वेळ ठरवली. विद्यापीठाने एवढं करावं असं मी म्हणत नाही. पण शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाच्याच आठवड्यात द्यायला काय हरकत आहे?

२३ ऑगस्ट, शनिवार

रात्री जुनं काही वाचत होते. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती, तीन वर्षं. तो 'दरमहा' शब्द आज डोळ्यांत भरला. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. शाळांच्या भाषणांत ते त्यागाचं उदाहरण म्हणून येतं. मला त्यात आज फक्त वेळेवर न आलेले पैसे दिसले.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. बाप आला, पोरीच्या खोलीचे पैसे देऊन आलो म्हणाला. विरारला तिघी मिळून एक खोली. माझ्या पोटात धस्स झालं.

"कुठून आणले?"

"भट्टीवाल्याचा बयाणा घेतला. पंचवीस हजार."

दिवाळी झाली की नवराबायको भिवंडीकडे वीटभट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळेल, हिशेब पावसाच्या तोंडाशी. बयाणा त्यातून फिटला तर फिटला, नाहीतर पुढच्या सालावर. मी म्हटलं, दादा, बँकेचं नको म्हणालात आणि हे घेतलंत?

"याला अंगठा नाय लागत."

धाकटा सातवीत आहे. तो कुठे राहणार, विचारलं. सोबतच नेणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

जुन्या सहकाऱ्यांना घरी बोलावलं. सहा जण आले, चहा-चिकू झाला. ठरवलं, आपण पैसे घालून एक फिरता निधी करायचा. पोराला प्रवेशावेळी उचल द्यायची, शिष्यवृत्ती आली की त्याने परत करायची, व्याज नाही. एकाने विचारलं, नाही परत आले तर? मी म्हटलं, बयाणा देणारा असं विचारत नाही, तो माणूसच घेऊन जातो. पहिल्या दिवशी ४२,००० जमले. धाकट्याला इथेच ठेवायचं तर त्यातले किती द्यावे यावर वाद झाला, पण दिले. तो आता आश्रमशाळेत राहील.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नाक्यावर टेम्पो लागला. भांडी, गोधड्या, एक कोंबडा, माणसं. बापाने हात केला. पोरीची पहिली परीक्षा जवळ आलीय, ती निरोपाला आली नाही. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव नाही, स्वयंमचा अर्ज भरलाय. दुपारी महाडीबीटी उघडून शिष्यवृत्तीचा अर्ज पाहिला. तो अजून कॉलेजच्या लॉगिनलाच पडून आहे.